खेड्यातल्या मिशन हायस्कूलचा इतिहास: शाळेचं वय कुठून मोजायचं?

गोदाकाठ

आमच्या गावच्या मिशन हायस्कूलची स्मरणिका निघतेय आणि इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. गाव नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जुने कागद सगळे नगरच्या नावाचे, म्हणून इथे नगरच म्हणतो.) गावाचं नाव मुद्दाम देत नाही, समितीत आधीच धुसफूस सुरू आहे.

धुसफुशीचं मूळ एवढंच, की शाळा सुरू कधी झाली. संस्थेचं म्हणणं, हायस्कूलला मान्यता मिळाली ते साल धरा, फाइलीत पत्र आहे, वाद नको. मंडळीतले, म्हणजे गावच्या चर्चमधले, जुने लोक म्हणतात, हायस्कूल कालचं पोर आहे, आमचे पणजोबा महारवाड्यातल्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवत होते त्याचं काय? तिसरा पक्षही आहे. त्यांना शाळा गोऱ्या मिशनरी साहेबापासून सुरू व्हायला हवी आहे, पहिल्या पानावर त्याचा फोटो आणि खाली 'संस्थापक'.

माझं मत जुन्या लोकांच्या बाजूचं आहे. का, ते सांगतो. चुकत असेन तिथे हाणा.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. पहिली काही वर्षं शहरातच गेली. सिंथिया फॅरारबाई १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि मग १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण सगळे वाचत आलोय. पण खेड्यात शाळा गेली ती निराळ्या वाटेने.

१८५४-५५ मध्ये बोस्टनच्या मुख्य कचेरीतून अँडरसन आणि थॉम्पसन असे दोघे पाहणीला आले. त्यांचा निकाल थोडक्यात असा: इंग्रजी शाळांवर पैसा घालवू नका, मुलं शिकतात आणि सरकारी नोकरीला निघून जातात. त्यापेक्षा मराठीतून शिकवा, खेड्यात जा, तिथल्या मंडळ्या उभ्या करा. मिशनच्या इंग्रजी शाळा त्यानंतर बंद झाल्या आणि खेडोपाडी एकशिक्षकी मराठी शाळा निघाल्या. आपल्याकडे समज असा की मिशन म्हणजे इंग्रजी. पण खेड्यातल्या पोराला इंग्रजीपासून लांब ठेवायचा निर्णय त्याच मिशनच्या वरिष्ठांचा होता! हायस्कूल यायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं लागली, त्याचं एक कारण इथे आहे.

या शाळा मागितल्या कोणी? नगर भागात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावच्या सरकारी शाळेत त्यांच्या पोरांना बसू देत नव्हते. कायद्याने बंदी नव्हती, पण धारवाडला १८५६ मध्ये एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि ते प्रकरण पार विलायतेपर्यंत गेलं, यावरून काय ते समजा. मिशनकडे वस्तीची पहिली मागणी मास्तर द्या, हीच असायची. प्रार्थना तोच घेणार, पत्रं तोच वाचून दाखवणार, तलाठ्याकडे किंवा मामलेदाराकडे अर्ज लिहायचा तर तोही तोच. रविवारी उपदेशक, सोमवारी मास्तर. पगार जेमतेम.

म्हणून मला वाटतं, शाळेचा संस्थापक शोधायचा तर तो वस्तीत शोधावा लागेल. साहेबाचा फोटो छापा, माझी ना नाही. त्याने पैसा आणला, तालुक्यापर्यंत घोड्यावर फिरला. पण तो दहा-पंधरा गावांचा साहेब होता. आमच्या गावातली शाळा चालवली ती मास्तरने.

आता अडचण. या मास्तरांची नावं कुठे मिळतील? संस्थेकडे हायस्कूलचं जनरल रजिस्टर आहे, त्याआधीचं एक फाटकं प्राथमिकचं आहे, सुरुवातीची पानं मोडीत. तुमच्याकडे अशा शाळांची काही माहिती असेल तर लिहा.

---

साशंक

लेख चांगला. पण दुष्काळ कुठे गेला? १८७६-७८ चा, मग १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा. मिशनच्या बोर्डिंगा भरल्या त्या दुष्काळात. अनाथ पोरं आणली, जेवू घातली, शिकवली, बाटवली. स्मरणिकेत हे येणार आहे की नुसतं 'ज्ञानगंगा दारी आली'?

---

गोदाकाठ

@साशंक, येणार. टाळून चालणारच नाही. दुष्काळात आकडे वाढले हे मिशनच्या स्वतःच्या वार्षिक अहवालांत आहे, त्यांनी लपवलेलं नाही. उलट दुष्काळात नावं देणाऱ्यांबद्दल त्यांच्यातच वाद होते, कितीजणांना घ्यायचं आणि किती थांबवायचं यावर.

मात्र 'जेवू घातलं म्हणून बाटले' हे एक वाक्य सगळ्याला पुरत नाही. ज्या वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, तिला नाव बदलायला दुष्काळच कशाला लागतो? दुष्काळ सरल्यावर परत गेलेलेही होते, पण राहिलेले जास्त टिकले ते शाळा होती तिथे, असं माझं वाचन.

---

निवृत्त_हेडमास्तर

मी अशाच एका संस्थेच्या खेड्यातल्या हायस्कूलमध्ये नोकरी केली, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. शाळेचे नाव येथे नको. धागाकर्त्यांना एक सुचवतो. इतिहास ग्रँटच्या अंगाने लिहा, तारखा आपोआप सापडतील.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आले. धर्मशिक्षण तुम्ही काय देता याच्याशी सरकारला कर्तव्य नाही, बाकीच्या विषयांची तपासणी करू आणि पैसे देऊ, अशी ती तडजोड होती. मुंबई इलाख्यात पुढे निकालावर ग्रँट आली. डेप्युटी (शाळा तपासणारा सरकारी अधिकारी) येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार, पास होईल त्याचेच पैसे. डेप्युटी येण्याच्या दिवशी पोरे शेतातून आणि गुरांमागून पकडून आणत, असे आमच्या आधीच्या पिढीचे मास्तर सांगत. शेरेबुक, म्हणजे तपासणीचे शेरे लिहिलेली वही, मिळाले तर जरूर पाहा. गावच्या शाळेबद्दल बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर तिथेच मिळतो. 'हजेरी असमाधानकारक, वाचन बरे, अंकगणित कच्चे' एवढ्या तीन शब्दसमूहांत अर्धशतक निघते.

१८८२ च्या हंटर शिक्षण कमिशनकडून मिशनऱ्यांना फार आशा होती. सरकार स्वतःच्या शाळांतून अंग काढून घेईल आणि मैदान आपल्याला मोकळे होईल, असे त्यांना वाटत होते. कमिशनने तसे होऊ दिले नाही. त्याच कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले आणि सरकारी पैसा उच्च शिक्षणावर जातो, खालच्या वर्गाच्या प्राथमिक शिक्षणाला काही उरत नाही, हे ठणकावून सांगितले.

माध्यमिकचा भाग बहुतेक ठिकाणी स्वातंत्र्यानंतरचा. मॅट्रिक मुंबई विद्यापीठाकडे होती. ती जाऊन पुण्याच्या मंडळाची पहिली एस.एस.सी. १९४९ मध्ये झाली. तुमची शाळा त्यापुढची असेल तर मॅट्रिकचा उल्लेख असलेल्या आठवणी तपासून घ्या. आमच्याकडे अकरावीच्या एस.एस.सी.लाही लोक सर्रास मॅट्रिकच म्हणत. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली, त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदम बसली. त्या सालच्या पटाचा आकडा फुगलेला दिसेल, घाबरू नका.

---

बोर्डिंगवाली

हेडमास्तर सर, 'मैदान मोकळे'! अगदी बरोबर शब्द :)

माझी आई आणि मावशी मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकल्या. त्यामुळे मला या सगळ्या कमिशनांपेक्षा बोर्डिंगची घंटा जास्त माहीत आहे. पहाटेची घंटा, मग प्रार्थना, मग कामाच्या पाळ्या: दळण, पाणी, झाडलोट, भाजीचा वाफा. मग शाळा. संध्याकाळी परत प्रार्थना, अभ्यास कंदिलाभोवती गोल करून. एका कंदिलाला किती मुली हे ठरलेलं असे आणि काच ज्या मुलीकडून फुटेल तिच्या वाट्याला आठवडाभर जास्तीचं दळण. आईला साठी उलटल्यावरसुद्धा काच पुसताना कुणी बोललेलं चालत नसे.

गंमत म्हणजे आईची सगळी गाणी बोर्डिंगातली. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं तिला अभंगाच्या चालीवर पाठ होती. घरी येणाऱ्या वारकरी शेजारणीला वाटायचं हिला तुकाराम येतो.

धागाकर्त्यांना एकच सांगणं. मुलींचं बोर्डिंग हा 'इतर उपक्रम' म्हणून शेवटच्या पानावर ढकलू नका. खेड्यातल्या मुलीला सातवीच्या पुढे शिकायचं तर राहायला जागा हवी, आणि ती जागा आमच्या भागात त्या काळी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. फायनल (सातवीची परीक्षा) झालेल्या या बायका पुढे लोकल बोर्डाच्या शाळांत मास्तरीण म्हणून गेल्या, मिरजेला नर्सिंगला गेल्या. एका पिढीत घर बदललं.

आणि हो, मारही होता. भरपूर. तेही लिहा.

---

मोडीवाचक

मोडी पानांचं काम मी करून देईन, फुकट. पण स्कॅन नीट हवा. मोबाइलने सरळ वरून, उजेड एका बाजूने, वही पूर्ण उघडायचा हट्ट करू नका, शिवण तुटते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मागे एका गावात 'जपण्यासाठी' म्हणून पानं लॅमिनेट केलेली पाहिली आणि डोक्याला हात लावला.

जनरल रजिस्टरमध्ये काय पाहायचं ते सांगतो. नाव-जन्मतारखेपाशी लोक थांबतात. तुम्ही 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना वाचा. 'गाव सोडले', 'कामास लागला', 'मयत', 'लग्न झाले'. प्लेगच्या आणि दुष्काळाच्या सालात एकाखाली एक काय लिहिलंय ते बघा. दुसरा रकाना 'आधीची शाळा'. त्यावरून कुठल्या वाडीवरच्या शाळेतून पोरं तुमच्याकडे येत होती हे कळतं, म्हणजे बंद पडलेल्या एकशिक्षकी शाळांचा नकाशाच हाती येतो. जन्मतारखा मात्र फार मनावर घेऊ नका, अर्ध्या पोरांचा जन्म एक जूनचा निघेल.

तिसरा रकाना जातीचा, आणि तो आजही जिवंत आहे. त्याच बापाच्या एका मुलापुढे 'हिंदू महार', दुसऱ्यापुढे 'नेटिव्ह ख्रिश्चन', तिसऱ्यापुढे 'इंडियन ख्रिश्चन' असं मी वाचलेलं आहे.

---

साशंक

यातलं शेवटचं जरा उलगडून सांगा. जिवंत म्हणजे?

---

मोडीवाचक

जिवंत म्हणजे लोक आजही त्या ओळीसाठी शाळेच्या पायऱ्या झिजवतात.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात. आता जात पडताळणीला पुरावा लागतो तो अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. खेड्यात इतका जुना लेखी कागद कुणाकडे असतो? जमीन नाही तर सातबारा नाही. उरतं शाळेचं रजिस्टर. मिशन शाळेत गावातली सगळ्या जातींची पोरं येऊ लागली होती, त्यामुळे एकट्या ख्रिस्ती लोकांचाच हा प्रश्न नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात जुनी शाळा-रजिस्टरं बाहेर निघाली. कपाटातली धूळ शंभर वर्षांत पहिल्यांदा झटकली गेली असेल.

म्हणून धागाकर्ते, रजिस्टरचे फोटो इथे टाकू नका. त्यात हयात माणसांच्या घराण्यांच्या जाती आहेत. स्मरणिकेतही सबंध पान छापू नका.

---

वसईचा वारा

आमच्याकडची गोष्ट अगदी उलटी आहे म्हणून लिहितो.

वसईत पोर्तुगीज १५३४ पासून, त्यामुळे धर्मग्राम (चर्चभोवतीचा पॅरिश) आधी आणि शाळा कितीतरी नंतर. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तरी गावातली देवळं आणि माणसं राहिली. (देऊळ म्हणजे चर्चच, आमच्या बोलीत दुसरा शब्द नाही.) इथे शाळा मागणारे लोक बागायतदार होते, पानमळे आणि केळीवाले. गावाने जमीन दिली, श्रमदान केलं, धर्मगुरू व्यवस्थापक झाले. तुमच्याकडे शाळेभोवती मंडळी जमली, आमच्याकडे देवळाभोवती शाळा उभी राहिली.

माध्यम मराठी. फादर दिब्रिटोंसारखे मराठी लेखक याच गावांतून आले, ते नंदाखालचे. आता मात्र धर्मग्रामांच्या मराठी शाळांच्या शेजारी इंग्रजी तुकडी निघते आणि बघता बघता मराठीच्या वर्गात बाकं रिकामी होतात. पालकांना बोलून उपयोग नाही, मी स्वतः माझी पोरं इंग्रजीत घातलीत.

---

निवृत्त_हेडमास्तर

वसईकरांनी चांगला मुद्दा काढला. नगर भागात कॅथलिकांचाही वाटा मोठा आहे, तो धाग्यात आलेला नाही. १८७० च्या दशकाच्या शेवटी जर्मन जेझुइट केंदळ-वळण भागात आले. पहिल्या महायुद्धात ते शत्रुराष्ट्राचे ठरले, सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि शाळा रातोरात पोरक्या झाल्या. पुढे स्विस फादर आले. त्यांच्यातलेच एक हर्मन बाखर, ज्यांना लोक पाणलोटाच्या कामासाठी ओळखतात. अमेरिकन मिशन आणि कॅथलिक यांच्यात गावोगाव चुरस होती. एका गावात दोन शाळा, दोन्हीकडे पट रडतखडत. मास्तर पळवापळवीही चाले.

हायस्कुलांच्या बाबतीत माझे मत सांगतो, रुचेल न रुचेल. या शाळांना खरा धक्का सरकारने दिला नाही. तो दिला रयत शिक्षण संस्थेने आणि साखर कारखान्यांनी, आणि मी तो चांगलाच धक्का मानतो. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला, आणि पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या गावांतून हायस्कुले निघाली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना फी माफ झाली. मराठा, माळी, धनगर घरांतली पहिली पिढी शाळेत आली ती तेव्हा. तोपर्यंत 'शिकायचे तर मिशनमध्ये' असे होते. मिशन हायस्कूलला आता पहिल्यांदाच दाराशी स्पर्धा आली.

बरेच जण सावरले नाहीत. परदेशी पैसा आटला. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आमची जुनी मंडळी त्यात गेली, आणि कंपाउंडची जमीन कुणाच्या नावावर, ट्रस्टचे विश्वस्त कोण, यावर धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात जे सुरू झाले ते काही ठिकाणी अजून चालू आहे. शिक्षकांना खरे संरक्षण १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली आल्यावर मिळाले. त्याआधी व्यवस्थापकाची मर्जी हीच नियमावली. रविवारी चर्चला गैरहजर राहिल्याबद्दल सोमवारी खुलासा मागितलेला मी पाहिला आहे. कुठे, ते विचारू नका.

---

बोर्डिंगवाली

सर, तुम्ही लिहायला घ्या हो स्वतंत्र धागा!

बाय द वे, गोदाकाठ, शाळेत बिगरख्रिस्ती मुलं किती होती हे वर्षवार काढता येईल का? आईच्या वेळी वर्गात ख्रिस्ती मुली बहुसंख्य, मावसभावाच्या वेळी जेमतेम चौथा हिस्सा. घरोघरीची आठवण आहे ही, पण रजिस्टरवरून कळेल. बायबलचा तास कधी ऐच्छिक झाला तेही. अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, घटनेच्या २८ व्या कलमात आहे. आमच्या गावात त्या तासाला 'नीती' म्हणायचे आणि मारुतीच्या देवळातल्या गुरवाचा मुलगा त्यात पहिला यायचा. बक्षीस म्हणून त्याला बायबल मिळालं. घरच्यांनी ते गाथेशेजारी ठेवलं.

---

साशंक

हा गुरवाचा किस्सा आवडला. बाकी माझं म्हणणं कायम आहे, हेतू धर्मांतराचाच होता. शाळा हे साधन होतं.

---

गोदाकाठ

@साशंक, हेतू तोच होता, त्यांनी तो दर अहवालात लिहिलाय. पण शाळेतून बाहेर पडणाऱ्या पोराने काय करायचं हे बोस्टनला ठरवता आलं नाही. त्यांना उपदेशक हवे होते, झाले तलाठी, कंपाउंडर, रेल्वेतले फिटर, हवालदार आणि मास्तर.

@बोर्डिंगवाली, रजिस्टरवरून दर पाच वर्षांनी एक असा पट काढायला घेतो. मुलींचं बोर्डिंग वेगळं प्रकरण होणार, शब्द देतो. त्यातला मार पण.

@हेडमास्तर सर, शेरेबुक आहे! तुमचा प्रतिसाद वाचून काल क्लार्ककडे चौकशी केली. प्रयोगशाळेच्या कपाटात, सापळ्याच्या खाली, रद्दी म्हणून बांधून ठेवलं होतं. पहिली पानं वाळवीने खाल्लीत, पण डेप्युटींच्या सह्या दिसतात. एका शेऱ्यात मास्तरचं नाव स्पष्ट आहे आणि पुढे लिहिलंय, 'मास्तर फायनल पास नाही, तरी मुलांची तयारी चांगली'. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव इथे देत नाही. त्यांच्या वंशातलं एक घर अजून गावात आहे, त्यांना हे ठाऊक नव्हतं.

समितीची बैठक रविवारी आहे. 'संस्थापक' हा मथळा काढून 'पहिले शिक्षक' करा असा प्रस्ताव मांडणार आहे. फोटोवाला पक्ष ऐकेल असं वाटत नाही.

---

मोडीवाचक

वाळवीची पानं आधी वेगळी करा, बाकी वहीला लागेल. स्कॅन पाठवा. नावाचं वाचन दोघांकडून करून घ्या, मोडीत काय वाट्टेल ते होऊ शकतं.